नऊ वाजताचे न्यायासन

महसूल खात्यात एकतीस वर्षे चाकरी करून मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, तेव्हा निरोपसमारंभात तहसीलदारसाहेबांनी माझ्या गळ्यात हार घालून ‘यांच्या हातून एकही चुकीचा निर्णय झाला नाही’ असे जे प्रशंसोद्गार काढले, ते अक्षरशः खरे होते. कारण माझ्या हातून एकतीस वर्षांत मुळात निर्णयच झाला नव्हता. मी टिपणी लिहीत असे, तिच्याखाली ‘आदेशार्थ सविनय सादर’ अशी ओळ घालीत असे, आणि निर्णय साहेब घेत असत. किंवा, जे अधिक वेळा घडे, साहेबही ती फाइल त्यांच्या साहेबांकडे सविनय सादर करीत असत. घरी तर सादर करण्याचाही प्रसंग येत नसे. कोणती भाजी, भिंतीला कोणता रंग, कोणाच्या लग्नात किती आहेर, या सर्व बाबतींत अंतिम अधिकार कुटुंबाकडे असून माझ्याकडे केवळ रोख रकमेचा भरणा करण्याचे काम होते. अशा मनुष्याच्या पोटात न्यायदानाची जी भूक वर्षानुवर्षे साठून राहते, तिची कल्पना ज्यांनी आयुष्यात एकदा तरी कोणाला नापास केले आहे अशा भाग्यवंतांना येणार नाही. माझी ती भूक 2024 सालच्या पावसाळ्यात, रोज रात्री नऊ वाजता, दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर भागू लागली.

त्या वर्षी 28 जुलैला ‘बिग बॉस मराठी’चा पाचवा सीझन सुरू झाला आणि आमच्या घरात एक विशेष न्यायालय बसले. सोफ्यावर तीन जागा. मधली सौभाग्यवतींची, हाती रिमोट. उजवीकडची सातवीतल्या नातवाची, हाती मोबाइल. आणि डावीकडची, जिच्यातली स्प्रिंग गेली दोन वर्षे वर आलेली आहे ती माझी, हाती काही नाही. जेवणे साडेआठाला उरकायची, नाही उरकली तर ताट घेऊन न्यायासनावर यायचे, आणि जाहिरात लागेपर्यंत आमटी मागायची नाही, असा नियम झाला. जाहिरातीत मागितली तर ती गार असे. पण न्यायाच्या कामी थोडी झीज सोसावी लागतेच.

पडद्यावरच्या घरात कोणी तोंड उघडले, की त्याचे वाक्य पुरे होण्याच्या आत आमचा निकाल लागलेला असे. “हिने इथे स्टँड घ्यायला हवा होता,” सौ. करड्या आवाजात म्हणे. हीच सौ. गेली अकरा वर्षे आमच्या कामवाल्या बाईंना ‘उद्या जरा लवकर या’ एवढे सांगण्याचा धीर गोळा करीत आहे, आणि ते सांगावे लागू नये म्हणून स्वतः पहाटे उठून निम्मी भांडी घासून ठेवते. “हा डबल गेम खेळतोय, आजी,” नातू सांगे. तो गणिताच्या शिकवणीला जातो म्हणून निघून कोठे जातो, याचा तपास अद्याप चालू आहे. मी पहिले काही दिवस नुसता ऐकत असे, कारण परिभाषा अवघड होती. अमुक जण फुटेज खातो, असे ऐकल्यावर, त्या घरात शिधा तुटपुंजा असल्याने आणि त्यावरून रोज भांडणे होत असल्याने, फुटेज हा काहीतरी खाण्याचाच जिन्नस असावा असे मला प्रामाणिकपणे वाटले होते. पंधरवड्यात मात्र मी इतका तयार झालो, की आमच्या सोसायटीच्या सभेत एक सदस्य पाण्याच्या टाकीवर पाऊण तास बोलले तेव्हा मी शेजाऱ्याच्या कानात “फुटेज खातोय” असे म्हणालो, आणि शेजाऱ्याने आदराने माझ्याकडे पाहिले.

एका शुक्रवारी नातवाने बजावले, “आजोबा, उद्या भाऊचा धक्का आहे. कुठे जायचं नाही.” आता भाऊचा धक्का म्हटल्यावर माझ्या पिढीच्या माणसाला मुंबईचे ते बंदर, मासळीचा दर्प आणि रेवसला जाणारी लाँच यांवाचून दुसरे काय आठवणार? ज्याअर्थी धक्का आहे आणि कुठे जायचे नाही, त्याअर्थी पावसाने लाँच बंद असावी, असा अर्थ लावून मी म्हटले, “मग एस्‌टीने जाऊ.” नातवाने ते वाक्य त्याच्या मित्रमंडळात प्रसृत केले आणि मी आठ दिवस प्रसिद्ध पुरुष होतो. आठवडाअखेर रितेश देशमुख येऊन स्पर्धकांची जी झाडाझडती घेतात तिला ‘भाऊचा धक्का’ असे नाव दिलेले आहे, हे मला शनिवारी समजले. आधीच्या काळात महेश मांजरेकर हेच काम करीत तेव्हा काही सीझनांत त्याला ‘चावडी’ म्हणत, असे सौ.ने सांगितले, आणि मला गहिवरून आले. चावडीवर माझी उमेदीची वर्षे गेली. तिथेही आठवडाभर कोण कोणाला काय बोलले याच्या तक्रारी येत, तिथेही दोन्ही पक्ष शपथेवर खोटे बोलत, आणि तिथेही शेवटी ‘पुढच्या वेळी असे करू नका’ एवढाच हुकूम होई.

सौ.चा या विषयातला व्यासंग मात्र थक्क करणारा आहे. पहिला सीझन 2018 चा, घर लोणावळ्याचे, विजेती मेघा धाडे. पुढच्या वर्षी अमरावतीचा शिव ठाकरे. मग विशाल निकम. मग अक्षय केळकर: ही वंशावळ ती अथर्वशीर्षासारखी घडाघडा म्हणते. माझा वाढदिवस तिला कॅलेंडरवर लिहून ठेवावा लागतो. या खेळाचे मूळ नेदरलँड्समध्ये, 1999 सालातले, आणि त्याचे नाव जॉर्ज ऑर्वेल यांच्या कादंबरीतल्या, प्रजेवर अष्टौप्रहर नजर ठेवणाऱ्या सत्ताधीशावरून घेतलेले, हे मी मोठ्या हौसेने सांगितले. माणसाच्या अंगावर भीतीने काटा यावा म्हणून त्या बिचाऱ्या लेखकाने जे लिहिले, ते लोकांनी भाकरीबरोबर तोंडी लावायला घेतले, असेही एक वाक्य मी जुळवून ठेवले होते. पण तेवढ्यात नॉमिनेशन सुरू झाले आणि मला गप्प करण्यात आले.

डावपेच हा या सर्व प्रकाराचा प्राण आहे असे म्हणतात, आणि डावपेचांचा आद्य आचार्य कोण याचा शोध घेताना मला अमेरिकेतल्या ‘सर्व्हायव्हर’ या खेळाची हकीकत हाती लागली. 2000 साली बोर्निओजवळच्या एका बेटावर सोळा माणसे नेऊन सोडली; दर काही दिवसांनी एकमेकांच्या मतांनी एकेकाला घालवायचे; एकोणचाळीस दिवसांनी जो उरेल त्याला दहा लाख डॉलर. बाकीचे लोक मासे पकडण्यात आणि चूल पेटवण्यात गुंतले असताना रिचर्ड हॅच नावाच्या गृहस्थाने चौघांचा एक गट बांधला आणि गटाबाहेरच्यांना एकामागून एक बेटावरून हद्दपार केले. युती आणि आघाडी यांचे इतके पीक पाहिलेल्या महाराष्ट्राला यात नवल वाटणार नाही, पण अमेरिकेला वाटले. गंमत पुढेच आहे. शेवटी उरलेल्या दोघांतला विजेता ठरवायचा अधिकार कोणाला, तर त्यांनीच हाकललेल्या सात जणांना! म्हणजे ज्यांच्या जमिनीवर आपण टाच आणली त्यांच्याच सहीने आपल्याला बढती मिळायची. त्या सातांतल्या एका पंचाने दोघांनाही एक ते दहांमधला कोणताही एक आकडा सांगायला लावला, बाकी काही विचारले नाही, आणि आपले मत हॅचच्या पारड्यात टाकले. निकाल लागला चार विरुद्ध तीन. एकोणचाळीस दिवसांचे कारस्थान, आणि वर हा मटक्याचा आकडा!

परंतु एक निवृत्त महसुली नोकर म्हणून मला या कथेचा उत्तरार्ध अधिक भावला. बेटावर कोणालाही न सापडलेल्या या धूर्त पुरुषाने त्या बक्षिसावरचा कर भरला नाही, आणि 2006 साली त्याला 51 महिन्यांची कैद झाली. सर्व परीक्षकांच्या वर एक परीक्षक असतो आणि त्याला मोबाइलवरून मत द्यावे लागत नाही, हे मी सौ.ला सांगितले. ती म्हणाली, “तुमचं रिटर्न भरलंत का?” भरले नव्हते.

गट बांधण्याची कल्पना माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या घरात दर मंगळवारी कारल्याची भाजी असते. ती मंगळवारीच का, हे वेदांप्रमाणे अपौरुषेय आहे. तिला घराबाहेर घालवण्यासाठी मी नातवाशी युती करण्याचे ठरवले, दोन चॉकलेटे विसार म्हणून दिली, आणि ‘मंगळवारी तू आधी तोंड वाकडे करायचे, मग मी दुजोरा देईन’ असा मसुदा पक्का केला. मंगळवारी मी ताटावर बसलो. नातवाने एक घास घेतला आणि म्हणाला, “आजी, भाजी मस्त झालीय. पण आजोबा तुला नॉमिनेट करणार आहेत.”

“कोण मला?”

“तुला नाही, कारल्याला. मला दोन चॉकलेटं दिली.”

सौ. काही बोलली नाही. तिने शांतपणे माझ्या ताटात आणखी एक डाव भाजी वाढली आणि नातवाला तिसरे चॉकलेट दिले. पुढच्या आठवड्यात कारले मंगळवार आणि शुक्रवार असे दोन दिवस झाले. यावर एवढेच म्हणेन, की हॅचच्या बेटावर नातू नव्हता.

इतक्यावर हे थांबते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. पण त्या वर्षी गणपती 7 सप्टेंबरला आले, आणि सोसायटीच्या उत्सवात पाचव्या दिवशी बालगोपाळांची गायनस्पर्धा ठरली. सेक्रेटरी स्वतः घरी येऊन म्हणाले, “काका, परीक्षक म्हणून तुम्ही हवेत. रोज रात्री तुमच्या खिडकीतून जे ऐकू येतं, त्यावरून तुमचा अभ्यास दिसतो.” खिडकी उघडी असते हे मला तोवर ठाऊक नव्हते. संगीताशी माझा संबंध ‘एकतीस वर्षांत एकदा कचेरीच्या स्नेहसंमेलनात पेटीचा भाता हलवला’ इतकाच होता, पण नकार देण्यास जो निर्णयक्षम स्वभाव लागतो तो माझ्यापाशी नव्हता. शिवाय अंगावर शाल, समोर पाण्याची बाटली, आणि पाठीमागे ‘परीक्षक’ अशी पाटी! मी होकार सविनय सादर केला.

तयारी म्हणून मी दूरचित्रवाणीवरचे गायनाचे जुने कार्यक्रम बघितले. 2009 साली ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’च्या अंतिम फेरीत आळंदीची कार्तिकी गायकवाड विजयी झाली, तेव्हा आमच्या जुन्या वाड्यात दोन तट पडून एका बिऱ्हाडाने दुसऱ्या बिऱ्हाडाकडे विरजण मागणे बंद केले होते, ते मला स्पष्ट स्मरते. ती पाचही मुले पुढे गुण्यागोविंदाने गात राहिली. विरजण मात्र पुन्हा सुरू झाले नाही. असो. या परिशीलनातून माझ्या एक गोष्ट ध्यानात आली, की परीक्षकास सुरांचे ज्ञान असण्यापेक्षा एक वाक्य पाठ असणे महत्त्वाचे आहे. ते वाक्य असे: “सुरुवातीला थोडा दबावाखाली वाटलास, पण अंतऱ्यात तू ते पकडलंस.” हे सर्वांना लागू पडते, कोणाला दुखवत नाही, आणि काय पकडले हे कोणी विचारत नाही.

परीक्षक तिघे होतो. एक शेजारच्या गल्लीत गाण्याचा क्लास चालवणाऱ्या बाई. दुसरे मांडवाचा खर्च सोसलेले एक उदार व्यापारी. तिसरा मी. सूर, ताल, शब्दोच्चार आणि सादरीकरण, प्रत्येकी पंचवीस गुण. स्पर्धक चौदा. आठला सुरुवात आणि, हे सर्वांत महत्त्वाचे, नऊच्या आत निकाल. कारण नऊनंतर मांडवात खुद्द गजाननाखेरीज कोणी बसणार नाही याची कार्यकारिणीला खात्री होती.

व्यापारी महाशयांनी पहिल्या मुलाचे गाणे सुरू होण्यापूर्वीच चौदाही रकान्यांत शंभर-शंभर भरून टाकले आणि “देवाच्या दारात कमी कशाला करायचं?” असे म्हणून ते फोनवर बोलू लागले. क्लासच्या बाई डोळे मिटून ऐकत आणि डोळे उघडून एकेचाळीस, साडेअडतीस असे आकडे मांडीत. स्वतःच्या क्लासच्या विद्यार्थ्याला मात्र त्या डोळे उघडे ठेवून ऐकत. मी मोठ्या पेचात पडलो. माणसाला गुण कसे द्यायचे हे मला कोणी शिकवले नव्हते. मी शिकलो होतो पिकाला गुण द्यायला. तेव्हा मी आमच्या खात्याची पैसेवारीची रीत अवलंबली. पीक सोळा आणे मानायचे, उभ्या पिकाकडे पाहून अंदाज बांधायचा, आणि पन्नास पैशांच्या खाली आले तर ते गाव टंचाईग्रस्त. त्या हिशेबाने पहिल्या मुलीचे पीक बहात्तर पैसे आले, दुसऱ्याचे एकसष्ट, आणि पाटबंधारे खात्यातल्या एका गृहस्थांच्या चिरंजिवांचे अठ्ठेचाळीस. मी सवयीने त्याच्या नावापुढे लाल शाईने ‘दुष्काळ’ असा शेरा मारला.

अभिप्राय देण्याचेही काम माझ्याकडेच आले, कारण बाईंना स्पष्ट बोलण्याची खोड होती आणि व्यापारी अजून फोनवर होते. पहिल्या तीन मुलांनी अंतऱ्यात ते पकडले. चौथ्यानेही पकडले. पाचव्याला मी तेच वाक्य म्हटल्यावर तो माइकपाशी परत आला.

“काका, मी अंतरा म्हटलाच नाही.”

“अं?”

“धृपदच दोनदा म्हटलं. अंतरा विसरलो.”

“ते दिसलंच नाही बघ,” मी म्हटले, “इतकं तू पकडलं होतंस!” मांडवात हशा पिकला. सौ. तेवढी हसली नाही. ती दुसऱ्या रांगेत पदर तोंडाला लावून बसली होती.

या सगळ्यावर कळस म्हणजे, दूरचित्रवाणीच्या धर्तीवर कार्यकारिणीने ‘लोकप्रिय मत’ असा एक नवा रकाना घातला होता. मांडवाच्या दाराशी लाडवांचा मोठा स्टीलचा डबा ठेवलेला. आवडत्या स्पर्धकाचे नाव चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचे. परीक्षकांचे निम्मे आणि लोकांचे निम्मे असे धरून विजेता काढायचा. आठ पन्नासला सेक्रेटरी डबा घेऊन धावत आले. “काका, दहाच मिनिटं आहेत!” मी डब्याचे झाकण काढले आणि माझ्यातला कारकून जागा झाला. मांडवात लहानमोठी मिळून एकशेतीस माणसे. चिठ्ठ्या निघाल्या दोनशे बारा. त्यांतल्या सदतीस एकाच हस्ताक्षरात, आणि ते हस्ताक्षर ज्या कुळातले होते त्या कुळाची कन्या स्पर्धक क्रमांक सहा होती. नऊ चिठ्ठ्या औषधांच्या बिलांच्या पाठीवर. एकीवर ‘पाण्याची मोटर आधी दुरुस्त करा’ असे लिहिलेले. तीन मते सूरज चव्हाणला पडली होती. तो त्या वेळी ‘बिग बॉस’च्या घरात होता आणि आमच्या स्पर्धेत त्याचा अर्ज नव्हता.

मी रीतसर पंचनामा करण्याची तजवीज मांडली. सेक्रेटरींनी घड्याळ दाखवले. आठ पंचावन्नला निकाल जाहीर झाला. पहिले पारितोषिक, चांदीचा मुलामा दिलेली समई, एका चार वर्षांच्या चिमुरडीला मिळाले. या मुलीने माइकसमोर उभे राहून गाण्याचे पहिले तीन शब्द उच्चारले होते, मग गर्दीकडे पाहिले होते, मग भोकाड पसरून आईच्या पदरात डोके खुपसले होते. आम्हा परीक्षकांच्या यादीत ती चौदावी होती, आणि व्यापाऱ्यांचे शंभर गुण नसते तर त्याहूनही खाली जाती. चिठ्ठ्यांत मात्र तिच्या जवळपासही कोणी नव्हते.

घरी जिना चढताना मी सौ.ला विचारले, “तू कोणाला मत दिलंस?”

“तिलाच. तीन दिली. किती गोड होती!”

“आणि गाणं?”

“गाणं कोणी ऐकलं?” सौ. म्हणाली, आणि झपझप वर गेली, कारण शीर्षकगीत लागले होते.

दुसऱ्या दिवसापासून माझे जीवन कठीण झाले. लिफ्टमध्ये मी शिरलो की बोलणे थांबे. सहाव्या क्रमांकाच्या कन्येच्या आईने ‘काकांना काय कळतं, बिचारे’ असे दुधवाल्याला सांगितले, आणि दुधवाल्याने ते सर्व मजल्यांवर दुधाबरोबर पोचवले. क्लासच्या बाई समोरून आल्या तर रस्ता ओलांडत. पण खरी शर्थ केली पाटबंधारे खात्याच्या गृहस्थांनी. त्यांनी माहितीच्या अधिकारात माझ्याकडे लेखी अर्ज केला: स्पर्धेच्या निकषांची नियमावली, चिरंजिवांच्या गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत, आणि परीक्षकांची संगीतविषयक अर्हता सिद्ध करणारी कागदपत्रे. कचेरीत असताना असल्या अर्जांना मी कसे उत्तर देत असे, ते आठवून माझीच मला लाज वाटली, आणि मग त्याच पद्धतीने मी उत्तर दिले. सोसायटीचा गणपती हे सार्वजनिक प्राधिकरण नसून, मागितलेली माहिती या अभिलेखात उपलब्ध नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. पेटीच्या भात्याचा उल्लेख मी टाळला.

त्यांचे चिरंजीव मात्र वडिलांवर गेलेले नाहीत. दोन दिवसांनी बॅट खांद्यावर टाकून तो जिन्यात भेटला.

“काका, माझ्या नावापुढे तुम्ही दुष्काळ लिहिलंत?”

मी भिंतीला टेकलो. “ते जरा खात्याच्या भाषेत...”

“पण बाबा म्हणतात, दुष्काळ जाहीर झाला की परीक्षेची फी माफ होते. माझी होईल?”

इतका मुद्देसूद अर्ज माझ्यासमोर एकतीस वर्षांत आला नव्हता. मी जागच्या जागी एक आइस्क्रीम मंजूर केले. वरच्या अधिकाऱ्याच्या सहीवाचून मी घेतलेला हा पहिला निर्णय, आणि त्याविरुद्ध अद्याप अपील झालेले नाही.

या प्रकरणानंतर मी सोफ्यावर काही दिवस मौन धरले. पण जित्याची खोड. शिवाय सोफ्यावरचे न्यायाधीशपण किती सुखाचे, हे मांडवातून आल्यावर मला नव्याने कळले होते. इथे मी कोणालाही दुष्काळग्रस्त ठरवावे, त्याचे वडील अर्ज घेऊन येत नाहीत. फक्त खिडकी लावून घ्यायची.

6 ऑक्टोबरला अंतिम सोहळा झाला. शंभर दिवस चालेल असे आम्ही धरून चाललेला हा सीझन सत्तर दिवसांतच आटोपला, ते एका अर्थी बरे झाले, कारण सोफ्याची स्प्रिंग आता असह्य झाली होती. माझा कौल अभिजीत सावंत यांना होता. 2005 साली ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्याच स्पर्धेत हा मुलगा जिंकला, तेव्हा मी आयुष्यातले पहिले मत मोबाइलवरून पाठवले होते, आणि तो विजय आम्हा दोघांचा आहे अशी माझी आजवर समजूत आहे. एकोणीस वर्षांचा हा ऋणानुबंध, त्यात माणूस शांत, कोणाच्या अध्यात नाही. मी तर सौ.पुढे विजयाची कारणे क्रमांक घालून मांडली होती. घरातले मुत्सद्दी एकेक करून गळाले. ज्यांनी गट बांधले, गट फोडले, कोणत्या आठवड्यात कोणाशी भांडायचे याचे आराखडे आखले, ते सगळे बाजूला उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आणि रितेश देशमुखांनी हात वर केला तो बारामती तालुक्यातल्या मोढवे गावच्या सूरज चव्हाणचा. टास्कचे नियम ज्याला कित्येकदा दुसऱ्यांनी समजावून सांगावे लागले, त्या पोराने चौदा लाख साठ हजार रुपये आणि करंडक नेला. सावंत दुसरे आले.

सौ.ने डोळे पुसले. नातवाने सोफ्यावर उडी मारली आणि स्प्रिंग समूळ बाहेर आली.

सकाळी बागेत फिरायला गेलो असता मंडळींत हाच विषय चालला होता. मी काठी टेकून म्हटले, “मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. लोकांना साधा माणूस लागतो.” दोघातिघांनी माना डोलावल्या, एकाने तर माझ्या निरीक्षणशक्तीची प्रशंसा केली. तेवढ्यात मागून नातू आला. त्याच्या मोबाइलमध्ये ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातले एक ध्वनिमुद्रण होते. त्यात माझा आवाज अगदी स्वच्छ ऐकू येतो: “हा सूरज पहिल्याच आठवड्यात घरी जाणार, लिहून ठेव.” मी तत्काळ शुद्धिपत्रक काढले, की ‘घरी’ या शब्दाऐवजी ‘अंतिम फेरीत’ असे वाचावे. खात्यात असा प्रघात आहे.

आता थोडे आवश्यक निवेदन. लाडवांचा तो स्टीलचा डबा, आतल्या दोनशे बारा चिठ्ठ्यांसह, लाखेची मोहोर लावून आमच्या माळ्यावर ठेवलेला आहे. ज्या पालकांना फेरमोजणी हवी असेल त्यांनी सायंकाळी चार ते सहा या वेळात यावे, समक्ष मोजून दाखवली जाईल. सूरज चव्हाण यांची तीन मते बाद धरलेली नाहीत. डबा ज्यांचा असेल त्यांनी ओळख पटवून तो घेऊन जावा, दिवाळीत लागेल. रात्री नऊनंतर मात्र कोणीही बेल वाजवू नये.